नळाची धार बारीक केली, तरी पाइपातला दाब तेवढाच!

आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण चाळीत नाहीतर झोपडपट्टीत गेले. पहाटे चारला उठून नळावर हंडे-कळश्यांची रांग लावायची, करंगळीएवढ्या धारेखाली भांडे भरेपर्यंत ताटकळत उभे राहायचे आणि आपला नंबर आला की नेमके पाणी जायचे, हे आपल्या आया-बहिणींनी वर्षानुवर्षे सोसले. त्यामुळे नळाला जोराची धार असणे म्हणजे सुख, ही समजूत आपल्या मनात पक्की बसली आहे. पाणी गरजेपेक्षा जास्त जोराचे असू शकते आणि त्यापायी संसाराचे नुकसान होऊ शकते, हे आपल्याला कधी कोणी सांगितलेच नाही. सांगण्याची वेळच आली नव्हती.

आता ती वेळ आली आहे. मुंबईत ठिकठिकाणी जुन्या वस्त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींचेच पाहा. वरळीच्या चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन-तीन पिढ्या काढलेल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाळीस मजली इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पुनर्वसनाच्या इतर इमारतींतही आपली कितीतरी कुटुंबे राहायला गेली आहेत. घराबरोबर नवे नळ आले, बेसिन आले, गिझर आला. पण ह्या सर्वांच्या मागे भिंतीत जो पाइप दडला आहे, त्याच्यात किती दाब आहे हे किती जणांना ठाऊक असते?

माझे आयुष्य कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात फिटरकी करण्यात गेले. पाइप, व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज ह्यांच्याशी रोजचा संबंध. तरीही स्वतःच्या बहिणीच्या घरातला दाब मोजावा, हे मला सुचले नाही. म्हणून हा लेख.

एका रात्रीत काय झाले?

माझी धाकटी बहीण पुनर्वसनाच्या एका बावीस मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. राहायला गेल्यावर पहिले काही महिने सगळे ठीक होते. नंतर नळाला एवढा जोर आला की भांडी घासताना अंगावर पाणी उडायचे. तिच्या सासूबाई वैतागून म्हणायच्या, "हा नळ आहे की बंब?" आमच्या दाजींनी त्यावर साधा उपाय केला. घराचा मेन कॉक अर्धा फिरवून ठेवला. धार बारीक झाली, कटकट मिटली.

पुढे एका लग्नासाठी सगळे दोन दिवस गावी गेले. रात्री केव्हातरी बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला. मेन कॉक अर्धा बंद होता तरी मिनिटाला एखादी बादली पाणी येतच राहिले. सकाळी खालच्या घरातल्या वहिनींच्या स्वयंपाकघरात छतातून पाणी ठिबकू लागले, तेव्हा शेजाऱ्यांना कळले. वॉचमनने डक्टमधला कॉक बंद केला तोवर घरात घोट्याएवढे पाणी साठले होते.

गाद्या भिजल्या, कपाटाचे प्लायवूड फुगले, ते जाऊ द्या. पण खाटेखाली पत्र्याची पेटी होती. तिच्यात घरातले सर्व दाखले होते. भाचीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि सर्वांत खाली तिच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. शाईने लिहिलेला, पिवळा पडलेला एकच कागद. त्याच कागदाच्या आधारावर घरातल्या सर्वांचे दाखले निघाले होते. भाचीचा नर्सिंगचा प्रवेश तोंडावर आला होता. बहीण फोनवर रडत म्हणाली, "दादा, घर भिजलं त्याचं काही नाही रे, पण आप्पांचा दाखला गेला."

मी गेलो ते गेज खिशात घालूनच. पाइप बदलल्यावर रात्री अकराला नळाला गेज लावले. काटा सहा किलोवर जाऊन थांबला. मग मेन कॉक पुन्हा अर्धा बंद केला आणि दाजींना म्हटले, "आता बघा." नळ उघडा असेपर्यंत काटा खाली आला. नळ बंद केला आणि हळूहळू काटा परत सहावर! दाजी बघतच राहिले.

धार वेगळी, दाब वेगळा

ह्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. धार म्हणजे वाहणारे पाणी. दाब म्हणजे पाणी पाइपाला आतून देत असलेला रेटा. कॉक अर्धा बंद केला की वाट अरुंद होते, म्हणून वाहताना पाणी कमी येते. पण घरातले सगळे नळ बंद झाले की वाहणे थांबते. मग त्या अरुंद वाटेनेही पाणी हळूहळू भरत जाऊन दोन्ही बाजूंचा रेटा सारखा होतो. सिनेमागृहाचे दार अर्धे उघडे ठेवले तर माणसे हळू आत जातात, पण शेवटी सभागृह भरायचे तेवढे भरतेच, तसे हे आहे. दिवसा नळ चालू-बंद होत असतात. रात्री सगळे शांत झाले की पाइप, वॉशर आणि कनेक्शन पाइप ह्यांच्यावर पूर्ण दाब तासन्‌तास बसतो. पाइप बहुधा रात्री किंवा घरात कोणी नसताना फुटतात, त्याचे हे एक कारण.

आता हा दाब येतो कोठून? बहुतेक इमारतींत पाणी खालच्या टाकीतून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवतात आणि तेथून ते आपल्या वजनाने खाली येते. हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो पडतो. कारागीर त्यालाच 'एक किलो प्रेशर' म्हणतात. यंत्रांवर 'बार' असे लिहिलेले असते, तो एक बार म्हणजे जवळजवळ एक किलोच. एक मजला साधारण तीन मीटरचा धरला, तर दर मजल्याला तीनशे ग्रॅम दाब वाढतो. चार मजली इमारतीत तळमजल्याला एक-सव्वा किलो, म्हणजे अगदी सुखाचा. बावीस मजली इमारतीत तळाला साडेसहा किलोच्या आसपास आणि चाळीस मजल्यांना बारा किलो! टाकी मोठी की छोटी, ह्याचा काही संबंध नाही. फक्त उंचीचा संबंध आहे.

घरच्या वापराला एक ते तीन किलो दाब पुरेसा होतो. अमेरिकेतील प्लंबिंगच्या नियमांत ८० पौंडांची, म्हणजे सुमारे साडेपाच किलोंची मर्यादा आहे. त्यावर दाब गेला तर तो कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावाच लागतो. म्हणजे माझ्या बहिणीच्या घरी मर्यादा ओलांडलेली होती.

मग उंच इमारती बांधणाऱ्यांनी काहीच सोय केलेली नसते का? केलेली असते. खाली उतरणाऱ्या मुख्य पाइपावर काही काही मजल्यांच्या गटासाठी 'प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह' बसवतात. प्लंबर त्याला 'पीआरव्ही' म्हणतात. आत एक स्प्रिंग आणि रबरी पडदा असतो. पुढचा दाब ठरवलेल्या आकड्याला पोचला की पडदा वाट बंद करतो, कमी झाला की उघडतो. म्हणून नळ बंद असतानाही दाब वाढत नाही. अर्धवट कॉक आणि पीआरव्ही ह्यांच्यात हाच मूळ फरक आहे.

बहिणीच्या इमारतीतही डक्टमध्ये पीआरव्ही होता. पण त्याच्या आधीची जाळी गंजाने आणि खपल्यांनी भरली होती. त्या गटातल्या वरच्या मजल्यांना पाणी कमी पडू लागले. तक्रार झाली, तेव्हा कोणीतरी शेजारचा बायपासचा कॉक 'तात्पुरता' उघडून दिला. वरच्यांना पाणी मिळाले, सगळे खूश झाले. तो तात्पुरता कॉक सहा महिने उघडाच राहिला. जाळी साफ करायला अर्धा तास पुरला असता.

आपल्या घरी जोर जास्त आहे, हे कसे ओळखावे?

काही खुणा घरातल्या कोणालाही समजतील. नळाचे वॉशर वारंवार खराब होणे आणि दुरुस्त केलेला नळ महिन्याभरात पुन्हा ठिबकणे. फ्लशच्या टाकीत पाणी भरून झाल्यावरही बारीक आवाज येत राहणे, म्हणजे बॉल कॉक नीट बंद न होणे. नळ पटकन बंद केला किंवा कपडे धुण्याच्या मशीनने पाणी घेणे थांबवले की भिंतीत 'धाड्' असा आवाज होणे.

हा आवाज हसण्यावारी नेऊ नका. पाइपातून धावणारे पाणी एकदम अडवले की त्याचा दणका पाइपाला बसतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ च्या सुमारास मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यात ह्याचा अभ्यास करून गणित मांडले. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी लोखंडी पाइपात एकाएकी थांबले, तर क्षणभर दाब दहा किलोहूनही अधिक वाढू शकतो. प्लास्टिकच्या पाइपात तो कमी वाढतो, पण वाढतो. हल्लीचे पाव फेऱ्यात बंद होणारे नळ म्हणूनच हळू बंद करावेत. मुलांना ही सवय लावावी.

मात्र खात्री गेजनेच होते. अर्धा इंची आट्याचे साधे गेज काहीशे रुपयांत मिळते. ज्या नळाला आटे आहेत त्याला, किंवा मशीनच्या नळाला ते लावायचे. घरातले बाकीचे सगळे नळ बंद ठेवायचे, ह्या नळाचा कॉक उघडायचा आणि काटा वाचायचा. एकदा दिवसा आणि एकदा रात्री उशिरा. रात्रीचा आकडा खरा धरावा. बादली किती वेळात भरते ह्यावरून दाब ठरवू नका, त्यावरून फक्त धार कळते. गेज प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. मजल्यावर चार घरांनी मिळून एक घेतले तरी पुरे.

दुबळ्या जागा कोणत्या?

भिंतीतला पाइप सहसा आधी फुटत नाही. आधी फुटतो तो बेसिनखालचा आणि फ्लशच्या टाकीचा लवचीक कनेक्शन पाइप, विशेषतः प्लास्टिकच्या नटाचा. नट पान्याने जास्त आवळला की त्याला न दिसणारी चीर जाते आणि काही महिन्यांनी तो तुटतो. जाळीदार स्टीलचा, पितळी नटाचा पाइप थोडा महाग पडतो, पण तोच घ्यावा. त्याच्या जाळीवर गंज दिसला किंवा नळीला फुगा आला की लगेच बदलावा.

दुसरी जागा संडासातल्या जेटची नळी. जेटचा खटका सोडला म्हणजे पाणी बंद झाले असे वाटते, पण नळीत पूर्ण दाब तसाच असतो. वापर झाल्यावर भिंतीवरचा अँगल कॉक बंद करावा. कपडे धुण्याच्या मशीनचेही तसेच. काम झाले की तिचा नळ बंद. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असेल तर त्याच्या पुस्तिकेत किती दाब चालतो ते दिलेले असते. त्याहून जास्त असेल तर त्याच्यापुरता छोटा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा.

तिसरी जागा गरम पाण्याचा पाइप. सीपीव्हीसीचा जाड प्रकारचा पाइप २३ अंश तापमानाला २८ किलो दाब सोसतो, पण ८२ अंशांना तोच सात किलोंवर येतो. म्हणजे पाणी तापले की पाइपाची ताकद घटते. साधा पांढरा पीव्हीसी पाइप गरम पाण्याला कधीही जोडू नये.

आणि गिझर! त्याच्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण तेथे प्रश्न जिवाचा आहे. पाणी तापले की फुगते. १५ लिटरच्या गिझरमधले पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेले, तर सुमारे पाव लिटर जागा जास्त मागते. ती मिळाली नाही तर दाब वाढतो. म्हणून गिझरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तापताना त्यातून दोन-चार थेंब पडले तर ते त्याचे काम करीत आहे, असे समजावे. सतत ठिबकत असेल तर एकतर दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह खराब आहे. दोन्हींवर उपाय आहे. पण ठिबक थांबावी म्हणून त्याचे तोंड बूच ठोकून किंवा टेप गुंडाळून बंद करणे म्हणजे घरात बॉम्ब ठेवण्यासारखे आहे. तसे कोणी सुचवले तर त्याला दारातूनच परत पाठवा. नवा गिझर घेताना त्यावरचा दाबाचा आकडा वाचा. उंच इमारतींसाठीच्या गिझरवर बहुधा '८ बार' असे लिहिलेले असते.

उपाय घरात आणि सोसायटीत

पहिला उपाय सोसायटीच्या पातळीवर. डक्टमधला मुख्य पाइप आणि त्यावरचा पीआरव्ही हा सर्वांचा आहे. त्याची देखभाल सोसायटीने करायची. सभेत चार गोष्टी मागा. पीआरव्हीच्या आधी आणि नंतर एकेक गेज असावे. जाळी वर्षातून निदान दोनदा साफ व्हावी. बायपास उघडला तर त्याची तारीख व कारण वहीत लिहावे आणि काम होताच तो बंद व्हावा. आणि सुटा रबरी पडदा व स्प्रिंग सोसायटीत हाताशी असावी.

येथे वरचे आणि खालचे मजले ह्यांच्यात भांडण लागते. वरच्यांना पाणी कमी, खालच्यांना जोर जास्त. दोघेही खरे बोलत असतात. सात मजल्यांचा एक गट धरा. त्यातल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या घरांत सहा मजल्यांचा, म्हणजे सुमारे एक किलो आठशे ग्रॅमचा फरक राहणारच. वरच्या घराला सव्वा किलो मिळेल असा पीआरव्ही लावला, तर सर्वांत खालच्या घराला तीन किलो मिळतात. दोघांचेही भागते. भांडण्याऐवजी दोन्ही घरांत गेज लावून आकडे समोर ठेवले की प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

दुसरा उपाय घरात. सोसायटीकडून लगेच काही झाले नाही, तर घराच्या मेन कॉकनंतर अर्धा किंवा पाऊण इंची पितळी पीआरव्ही बसवता येतो. त्यावरचा बाण पाणी वाहते त्या दिशेने असावा, आधी जाळी असावी आणि नंतर गेज लावून दोन ते अडीच किलोंवर तो जमवून घ्यावा. मुंबईतल्या बऱ्याच इमारतींत संडासाच्या फ्लशचे पाणी वेगळ्या टाकीतून, वेगळ्या पाइपाने येते. तसे असेल तर त्या पाइपाचाही दाब मोजा. एक गोष्ट कारागिराला आठवणीने सांगा. पीआरव्ही बसल्यावर गिझरमधल्या फुगलेल्या पाण्याला मागे जायला वाट राहत नाही, तेव्हा गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू स्थितीत आहे ना, हे त्याच वेळी तपासून घ्या.

पाइप फुटलाच तर

घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांना आणि शाळेत जाणाऱ्या मुलांनाही, मेन कॉक कोठे आहे हे दाखवून ठेवा. त्यावर लाल रंग लावा. महिन्यातून एकदा तो पूर्ण बंद-उघडा करा, नाहीतर ऐन वेळी जाम होतो. पाइप फुटला तर आधी मेन कॉक बंद करा. पाणी बोर्डाजवळ किंवा जमिनीवरच्या वायरींजवळ जात असेल तर, आपण कोरड्या जागी उभे राहून पोचता येत असल्यासच, मेन स्विच बंद करा. मग वॉचमनला आणि खालच्या घराला सांगा. गावी जाताना मेन कॉक पूर्ण बंद करून, एक नळ क्षणभर उघडून पाइपातला दाब काढून टाका.

आणि दाखले! ते पेटीत ठेवा, पण पेटी खाटेखाली ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढून एक संच नातेवाइकाच्या घरी ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. कागद भिजलेच तर ते ओढून सुटे करू नका, इस्त्री फिरवू नका, कडक उन्हात टाकू नका. स्वच्छ कोऱ्या कागदावर किंवा सुती कापडावर सपाट पसरून पंख्याच्या वाऱ्यावर सावकाश वाळवा.

आम्ही तसेच केले. भाचीच्या गुणपत्रिका आणि वैधता प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमुळे वाचले आणि तिचा प्रवेश झाला. आप्पांच्या दाखल्यावरचे नाव मात्र पुसले गेले. दाजींनी कामावर खाडे करून गावच्या शाळेत तीन हेलपाटे घातले. जुन्या रजिस्टरात नोंद सापडली आणि नवा उतारा मिळाला. तो आता वरच्या फळीवर आहे.

इमारतीतला बायपासही बंद झाला. जाळी साफ झाली, पीआरव्ही नीट लावला गेला. बहिणीच्या नळावर आज अडीच किलो दाब आहे. तिच्या सासूबाईंनी परवा मला विचारले, "ते घड्याळासारखं काय लावलं होतंस रे? आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना हवंय." ते गेज सध्या त्यांच्याच मजल्यावर घरोघर फिरत आहे. आपल्या इमारतीतही एक फिरू द्या.